मेमध्येच माळ हिरवा झाला तर मेंढ्या सोडाव्यात का?

माळरान_60
दहिवडीच्या पूर्वेला मुरमाड माळ, 60 दख्खनी मेंढ्या. 2025 सारखा पाऊस मेमध्येच पडला तर जूनच्या तोंडाला बोटभर गवत असतं, आंत्रविषाराची लस मात्र राहिलेली. कडबा संपत आलेला. सोडायचं का?

वाघर
बोटभर गवतावर नको. मेंढी बुडाशी चरते, कोवळे कोंभ मुळासकट उपटून येतात, आणि पुढे उघडीप पडली की माळ बोडका. गवत वीतभर होऊ द्या.

लस पावसाआधी, एप्रिलअखेरीसच उरका. पहिल्यांदाच टोचत असाल तर 14 दिवसांनी बूस्टर लागतो, गेल्या वर्षी टोचली असेल तर एक मात्रा पुरते. कोवळ्या चाऱ्यावर एकदम तुटून पडलं की आतड्यातले जंतू भराभर वाढतात आणि विष सोडतात, तोच आंत्रविषार. मरतं ते बहुतेकदा कळपातलं धष्टपुष्ट कोकरू, सकाळी वाड्यात मान मागे टाकलेलं. तेव्हा आधी पोटात कडबा, दव उठल्यावर तासभर चराई, मग रोज अर्धा तास वाढवा. ओल्या गवतावर जंतांच्या अळ्या पात्यावर चढलेल्या असतात, म्हणून पहाटे नकोच.

घाटवाट
एक भर. महाबळेश्वरकडचं ऐकून वेळ ठरवू नका. सातारा जिल्हा एकच, पण तिकडे 5000 मिमीच्या वर पाऊस आणि तुमच्या माण तालुक्यात जेमतेम 500. तिकडे गवत रग्गड, पण चिखलात खुरं सडतात. म्हणून तर कळप पावसाळ्यात माळावर आणि दिवाळीनंतर कोकणात.

खुरांसाठी 10 लिटर पाण्यात 500 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट), त्यातून मेंढ्या चालवा. आधी पोटभर पाणी पाजा. तहानलेली मेंढी तेच प्यायली तर मोरचूदच तिला मारेल.

माळरान_60
शेजारच्या रानात शाळूच्या खोडक्यांना फुटवे आलेत. तोवर त्यावर भागेल?

वाघर
अजिबात नाही! असले फुटवे म्हणजे किराळ, कोवळ्या ज्वारीतल्या सायनाइडची विषबाधा. धाप, थरथर, पडणं, सगळं काही मिनिटांत. तशी लक्षणं दिसली तर घरगुती उपायात वेळ न घालवता डॉक्टरांना बोलवा, सोडियम थायोसल्फेट शिरेतून द्यावं लागतं.

घाटवाट
आणि शेवटचं टोकही बघा. सप्टेंबरअखेर कुसळी गवत पिकायला लागतं, कुसळं लोकरीतून कातडीत घुसतात. तो पट्टा फुलोऱ्यातच कापून वाळवा. पुढच्या मेला कडबा कमी पडणार नाही.