मदत हवी आहे : लाईन व्हिएतनामला चाललीय, राजीनाम्यावर सही करावी का?

नमस्कार मंडळी. माझे दाजी कुपवाड एमआयडीसीत १७ वर्षं सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं, धातू कापायचं मशीन) चालवतात. कंपनी त्यांची उत्पादनाची लाईन व्हिएतनामला हलवतेय. मार्चमध्ये तिकडची चार मुलं शिकायला आली होती. ऑफसेट (मशीनला टूलच्या मापाची दुरुस्ती) कसा द्यायचा, टूल झिजलं की आवाज कसा बदलतो, हे दाजींनीच त्यांना खाणाखुणा करून शिकवलं. त्या मुलांचा राग नाही, तीही पोटासाठीच आलेली. आता मशीन उचललंय, फरशीवर तेलाचा चौकोन तेवढा राहिलाय. दाजी अजूनही पहाटे पाचला उठून डबा मागतात. ताईला बघवत नाही.

एचआरने छापील कागद दिलाय, "स्वखुशीने राजीनामा देत आहे". सोमवारपर्यंत सही केली तर एकरकमी पैसे. ग्रॅच्युइटी पाच वर्षं झाल्यावर राजीनामा दिला तरी मिळते, एवढं मला माहीत आहे. पण कामगार कपातीची भरपाई, म्हणजे वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार, ही वेगळी असते आणि स्वखुशीने सोडलं तर तिच्यावरचा हक्क जातो. रकमेत काय काय धरलंय, हे कागदावर कुठेच नाही.

सही न करता लेखी हिशोब कसा मागायचा? सांगलीत कामगारांच्या बाजूने लढणारे वकील कुणी सुचवाल का? सहायक कामगार आयुक्तांकडे एकट्याने अर्ज चालतो की सगळ्यांनी मिळून द्यावा? ठेकेदाराकडच्या पोरांना तर नुसतं "उद्यापासून येऊ नका" सांगितलंय, त्यांनी कुणाकडे जायचं?

अनुभव असेल त्यांनी कृपया आजच सांगा.