मदत हवी आहे: उबुंटू २४.०४ (लिनक्स) वर माऊसची साईड बटणं पुन्हा कामाला कशी लावायची?

कानामात्रा

मंडळी, मी मुद्रितशोधन करतो. डाव्या हाताचं बोट छापील प्रुफाच्या ओळीवर, उजवा हात माऊसवर, समोर लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स. त्यामुळे कॉपी-पेस्ट माऊसवरूनच झालेलं बरं पडतं. माऊस वायरवाला आहे, अंगठ्यापाशी दोन जास्तीची बटणं, आणि चाक डावी-उजवीकडेही कलतं.

उबुंटू २०.०४ वर एक्सबाइंडकीज आणि एक्सडूटूल या टूल्सनी एक बटण कॉपीला, दुसरं पेस्टला लावलं होतं. शिवाय जेश्चरसाठी ईझीस्ट्रोक होतं, बटण धरून माऊस आडवा ओढला की वर्कस्पेस (आभासी डेस्कटॉप) बदलायची. २४.०४ टाकलं आणि सगळं विस्कटलं. गंमत म्हणजे गिंप या चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये कॉपीचं बटण चालतं, लिब्रेऑफिसमध्ये ढिम्म! फायरफॉक्समध्ये तर थेट मागच्या पानावर उडी, काल अर्धा भरलेला फॉर्म त्यात गेला.

कुठलं बटण दाबलं ते दाखवणाऱ्या एक्सईव्ही मध्ये बटण ८ आणि ९ व्यवस्थित उमटतात, म्हणजे माऊस ठीक आहे. माऊसची बटणं लावून देणारं पायपर या माऊसला ओळखत नाही. तसंच टूल सोलार, पण ते लॉजिटेकसाठी, माझा माऊस दुसऱ्या कंपनीचा. सेटिंग्जमध्ये या बटणांसाठी काहीच नाही.

आणखी एक जुनं दुखणं: मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड लेआऊट चालू असताना कॉपीचं बटण आधीही कधी चालायचं, कधी नाही.

विंडोजवर एक्स-माऊस बटण कंट्रोल आहे हे ठाऊक आहे. विंडोजवर जा हा सल्ला कृपया नको. :)

टर्मिनलकर

गिंप चालतं आणि लिब्रेऑफिस नाही, यातच उत्तर आहे. खिडक्या दाखवणारी आणि माऊस-कीबोर्ड प्रोग्रॅमपर्यंत पोचवणारी यंत्रणाच बदलली: आधी तुम्ही एक्स ११ वर होता, आता वेलँडवर आहात. वेलँडमध्ये एका प्रोग्रॅमला दुसऱ्याच्या खिडकीतली बटणं ऐकू येत नाहीत, सुरक्षेसाठी मुद्दाम तसं केलंय. गिंप २.१० अजून एक्सवेलँडमधून (जुन्या एक्स प्रोग्रॅमसाठी वेलँडमधली सोय) चालतं, म्हणून तेवढं एक्सबाइंडकीजच्या हाती लागतं.

आज काम अडलं असेल तर लॉगिनच्या पडद्यावर नाव निवडा, खाली उजवीकडे दातेरी चक्र येईल, त्यात 'उबुंटू ऑन झॉर्ग' घ्या (झॉर्ग म्हणजे एक्सच). जुनं सगळं चालायला लागेल. पण उबुंटू २५.१० पासून ही वाट बंद झाली आहे, तेव्हा त्यावर घर बांधू नका.

कायमचं हवं तर इनपुट रिमॅपर हा बटणं बदलून देणारा प्रोग्रॅम टाका. तो डेस्कटॉपच्या आधीच, कर्नलकडून (सिस्टिमच्या गाभ्याकडून) बटण उचलतो आणि स्वतःच्या आभासी कीबोर्डवरून की पाठवतो, मग एक्स असो की वेलँड. यादीत माऊस निवडा, नवा प्रिसेट करा, रेकॉर्ड दाबून साईड बटण दाबा, समोर हवी ती की लिहा, अप्लाय. ऑटोलोड चालू करायला विसरू नका, नाहीतर रीस्टार्टनंतर परत इथे याल. तिथे ८-९ दिसणार नाहीत, 'साईड' आणि 'एक्स्ट्रा' अशी नावं दिसतील. ८-९ ही एक्सची मोजणी, ४ ते ७ हे आकडे चाकाने खाल्लेत.

इनस्क्रिप्टचं दुखणं: कंट्रोल-सी लावूच नका. त्या लेआऊटमध्ये सी च्या जागी म आणि व्ही च्या जागी न बसतो, तिथे बऱ्याच टूल्सचा गोंधळ होतो. कंट्रोल-इन्सर्टने कॉपी आणि शिफ्ट-इन्सर्टने पेस्ट लावा. इन्सर्ट कुठल्याही लेआऊटमध्ये जागचं हलत नाही.

आळशी_उंदीर

कॉपीचं बटण हवंच कशाला? मजकूर निवडा, दुसरीकडे चाक दाबा, चिकटला.

कानामात्रा

@आळशी_उंदीर, चुकीचा शब्द बदलायचा तर तो आधी निवडावा लागतो. तो निवडला की आधीची निवड गेली, आणि चाक दाबल्यावर तोच चुकीचा शब्द परत येतो. मुद्रितशोधनात दिवसभर हेच चालतं.

@टर्मिनलकर, दोन्ही बटणं लागली, इनस्क्रिप्टमध्येही! जेश्चरचं काय करू? ईझीस्ट्रोक वेलँडवर हलत नाही.

टर्मिनलकर

ते एक्सचंच आहे, सोडून द्या. तुमचं चाक कलतं ना? डावा कल सुपर-पेजअपला, उजवा सुपर-पेजडाउनला लावा (सुपर म्हणजे विंडोजच्या खुणेची की). आडवं स्क्रोल जाईल, पण रुंद तक्ते फारसे बघत नसाल तर काय बिघडतं? चाक कलतं धरून ठेवू नका मात्र, वर्कस्पेस एकामागून एक पळत सुटतील. टिचकी मारून सोडायचं. केडीई हा दुसरा डेस्कटॉप वापरणाऱ्यांना त्याच्या प्लाझ्मा ५.२६ पासून जास्तीची बटणं सेटिंग्जमध्येच बांधता येतात, ग्नोमवाल्यांच्या (उबुंटूचा नेहमीचा डेस्कटॉप) नशिबी अजून हे उद्योग.

कानामात्रा

कल लावला, छान चालतोय. एकच शंका: टर्मिनलमध्ये पेस्टचं बटण दाबलं की कॉपी केलेलं न येता भलतंच काहीतरी येतं.

टर्मिनलकर

ग्नोम टर्मिनलमध्ये शिफ्ट-इन्सर्ट हे चाक दाबल्यासारखं वागतं, शेवटी निवडलेला मजकूर टाकतं. तिथे कंट्रोल-शिफ्ट-व्ही हातानेच दाबा. इनपुट रिमॅपरमध्ये प्रोग्रॅमनुसार वेगळी बटणं लावायची सोय नाही.