घरची जिंजर बियर हुरड्याला मंगळवेढ्यापर्यंत न्यायचीय, गॅस कसा टिकवू?

आलंकिसणी:
नमस्कार मंडळी. दोन वर्षं झाली घरी जिंजर बियर करतोय, आलं, साखर, लिंबू आणि आल्याचंच विरजण, म्हणजे किसलेलं आलं नि साखर रोज थोडं थोडं पाण्यात घालत गेलं की पाच-सहा दिवसांत फसफसायला लागतं ना, ते. गड्डा (आपली सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा) झाल्यावरच्या रविवारी मेव्हण्यांच्या रानात हुरडा आहे, मंगळवेढ्याला, तीस माणसं, आणि मी २० बाटल्या आणतो म्हणून शब्द देऊन बसलोय. मागं एप्रिलमध्ये बाइकवरनं चार बाटल्या अक्कलकोटला नेल्या होत्या. काचेची एक वाटेतच फुटली. बाकीच्या पोचल्या पोचल्या उघडल्या तर निम्मी अंगावर, उरलेली गढूळ नि सपक. या वेळी कार आहे. काय करू?

माळढोक:
मालक, आधी काच बंद करा. कोल्ड्रिंकच्या मोकळ्या प्लास्टिकच्या बाटल्या घ्या, त्या गॅससाठीच केलेल्या असतात आणि दाबून बघितलं की आत किती गॅस झालाय ते बोटाला कळतं. दगडासारखी कडक लागली की लगेच फ्रिजमध्ये. वरती तीन-चार बोटं जागा मोकळी ठेवा.

बर्लिनचा_पाव्हणा:
मी जर्मनीत असताना घरी बियर करायचो (तिथं चालतं, आपल्याकडं लायसन्स नसेल तर दारूबंदी कायद्यात बसतं, त्यामुळं इथं आल्यावर बंद), आणि मित्रांकडं पार्टीला न्यायचो तेव्हा हेच व्हायचं. तुमची बाटली हलल्यानं फुटली नाही, उन्हानं फुटली. गरम झालं की यीस्ट उरलेली साखर खात सुटतं, गॅस वाढतच जातो, आणि गरम पाण्यात तो मावत पण नाही. ५ अंशाला पाणी जेवढा गॅस धरून ठेवतं त्याच्या निम्मासुद्धा ३० अंशाला धरत नाही. हलल्यानं होतो तो फेस, कारण तळाचा गाळ वर येतो आणि त्याच्या कणाकणावर बुडबुडा धरतो. म्हणून निघायच्या आधी दोन दिवस बाटल्या फ्रिजमध्ये उभ्या ठेवा, यीस्ट थंडावतं, गाळ खाली बसतो. गाडीत पण उभ्याच. पोचल्यावर एक तास तरी हात लावू नका, परत बर्फात ठेवा. मग झाकण जरासं फिरवायचं, फेस वर आला की बंद, परत जरासं, असं चार-पाच वेळा. ओतताना ग्लास तिरका आणि बाटली एका दमात रिकामी करायची, सारखी उभी-आडवी केली की गाळ ढवळतो. तळाचं बोटभर सोडून द्या.

आलंकिसणी:
दादा लई उपकार, उन्हाचं डोक्यातच आलं नव्हतं. बर्फात मीठ घालू का, जास्त थंड राहील?

बर्लिनचा_पाव्हणा:
नको नको, मिठानं बर्फ शून्याच्या बराच खाली जातो, बाटली गोठली तर पाण्यातला गॅस बाहेर पडतो. साधा बर्फ बास.

शेंगाचटणी:
मोठा आइसबॉक्स नसेल तर टबात बर्फ घालून बाटल्या उभ्या करा आणि वरनं दोन चादरी गुंडाळा, आपली सोलापुरी जाड असते, आमच्या लग्नात बर्फाच्या लाद्या अशाच संध्याकाळपर्यंत टिकवल्या होत्या. आणि एक, विरजणाची आहे म्हणजे थोडं का होईना अल्कोहोल असणार, लहान पोरं नि गरोदर बायका असतील तर आधीच सांगा, त्यांच्यासाठी ताक न्या.

आलंकिसणी:
हो ताई, ताकाचा एक कॅन वेगळा घेतो. शनिवारी एक बाटली गाडीत घालून तिऱ्ह्यापर्यंत फिरवून आणतो नि उघडून बघतो, इथंच कळवतो.