मदत हवी आहे: बोडिपाय द्रावणात झळाळतं, फिल्ममध्ये विझतं

ओएलईडीसाठी (वीज दिल्यावर उजळणाऱ्या सेंद्रिय दिव्यांसाठी) बोडिपाय, म्हणजे बोरॉन असलेलं चमकणारं रंगद्रव्य, बनवलंय. टोल्युइनमध्ये यूव्ही दिव्याखाली लख्ख हिरवं दिसतं, पण काचेवर स्पिन-कोट केलं (काच गरगर फिरवून पातळ थर दिला) की फिल्म लालसर आणि अगदी मंद. सपाट रेणू एकमेकांवर रचले जात असावेत. शिवाय शोषण-उत्सर्जनात जेमतेम 10-15 नॅनोमीटरचं अंतर, म्हणजे स्वतःचाच प्रकाश गिळतं.

रेणूच्या मधल्या (मेसो) जागी फिनाइलऐवजी जास्त अवजड मेसिटाइल गट लावला, थोडाच फरक पडला. पीएमएमए या पारदर्शक प्लास्टिकमध्ये 1 टक्का मिसळल्यावर चमक परत आली (बघून फार बरं वाटलं!), पण ते प्लास्टिक पडलं विद्युतरोधक. शुद्धता एनएमआर, एचपीएलसी या चाचण्यांनी तपासली आहे. निर्वात बाष्पीभवनाची सोय नाही, सगळं द्रावणातूनच करायचंय.

होस्ट (रंगद्रव्य ज्यात मिसळायचं तो पदार्थ) म्हणून पीव्हीके हे विद्युतभार वाहून नेणारं पॉलिमर घ्यावं, की बोरॉनवरचे दोन्ही फ्लोरिन काढून तिथे अवजड गट बसवावेत? कोणी दोन्ही करून पाहिलंय का?