लॅपटॉप अचानक बंद पडतो, टॅबलेटचा डिस्प्ले एका कडेने उचललाय: घरीच पार्ट बदलावेत का? सल्ला हवाय

चौकस
नमस्कार मंडळी, दोन प्रश्न एकाच धाग्यात विचारतोय, चालवून घ्या. लॅपटॉप पाचसहा वर्षं जुना आहे, साध्या टायपिंगला काही होत नाही पण व्हिडिओ कॉल किंवा फोटोंचं जड काम काढलं की थोड्या वेळाने फट्कन बंद पडतो. निळी स्क्रीन नाही, मेसेज नाही, एकदम काळोख. लगेच चालू केला तर परत बंद, पण जरा वेळ ठेवून दिला की मुकाट चालू होतो. मला वाटतं बॅटरी गेली, नवी मागवणार आहे, आणि उघडतोच आहे तर रॅमही ८ ची १६ करून घ्यावी म्हणतो.
दुसरं म्हणजे टॅबलेट. त्याचा डिस्प्ले लांब बाजूने उचललाय, नख आत जाईल एवढी फट आहे, बाकी सगळं व्यवस्थित चालतं. गोंद लावून वर जड पुस्तकं ठेवली तर बसेल का? कुठला गोंद घ्यावा? रात्री चार्जिंगला लावून सध्या तसाच वापरतोय. जाणकारांनी सांगावं, आगाऊ धन्यवाद.

सोल्डरवाला
लॅपटॉपचं नंतर बोलू. टॅबलेट आत्ता चार्जिंगवर असेल तर आधी काढा आणि बंद करून ठेवा, मग पुढचं वाचा.
डिस्प्लेचा गोंद सुटलेला नाहीये, आतली बॅटरी फुगून त्याला वर ढकलतेय. गोंदच सुटला असता तर काच दाबल्यावर सपाट बसली असती, तुम्ही दाबून बघू नका पण. टॅबलेटची बॅटरी म्हणजे कडक डबा नसतो, मऊ पाकीट असतं, आणि सेल जुना झाला, सतत शंभर टक्क्यांवर राहिला, उष्णतेत राहिला की आतल्या रसायनाचं विघटन होऊन गॅस तयार होतो आणि ते पाकीट फुगतं. त्याच्यावर जड पुस्तकं ठेवणं ही यातली सगळ्यात धोक्याची गोष्ट आहे, कारण आतले दोन थर वेगळे ठेवणारा पडदा केसापेक्षाही पातळ असतो, तो फाटला की आतच शॉर्ट होऊन पेट घेतो आणि तो पेट विझवणं सोपं नसतं.
फरशीवर ठेवा, पडदे, कागद, गादी, ऊन यांपासून लांब. चार्ज करू नका, वाकवू नका, खिशाबिशात किंवा बॅगेत कोंबू नका.

चौकस
बापरे. बंद करून फरशीवर ठेवलाय. एवढं गंभीर असेल असं डोक्यातही आलं नव्हतं कारण चालत तर नीट होता. मग आता याची बॅटरी मीच बदलू शकतो का? व्हिडिओत बघितलं तर सोपं वाटतं.

रानवारा
याच संदर्भात विचारतो, एका व्हिडिओत फुगलेल्या बॅटरीला सुईने बारीक भोक पाडून गॅस काढून टाकतात आणि वरून टेप लावतात, परत पहिल्यासारखी होते म्हणे. कुणी केलंय का?

सोल्डरवाला
कृपा करून हे कुणीही करू नका. सुई आत गेली की नेमका तोच पातळ पडदा फुटतो. शिवाय आतला गॅस आणि द्रव ज्वलनशील असतात, आणि बाहेरची हवा, दमट वाफ आत गेली की सेल आणखी बिघडतो. फुगलेला सेल कुठल्याच उपायाने परत चांगला होत नाही, तो बदलायचाच असतो. व्हिडिओत नंतर महिनाभराने काय झालं ते दाखवत नाहीत.

शांतनिळा
टॅबलेटबद्दल माझं स्पष्ट मत: दुरुस्तीची सुरुवात टॅबलेटपासून कुणी करू नये, आणि फुगलेल्या बॅटरीपासून तर नाहीच. कारण सांगते.
लॅपटॉपला खाली स्क्रू असतात, टॅबलेटला बहुतेक वेळा एकही नसतो, सगळा कारभार गोंदावर. म्हणजे कडा गरम करून गोंद मऊ करायचा आणि प्लॅस्टिकची पातळ पट्टी सरकवत काच उचलायची. आता बॅटरी धड असेल तर हे शांतपणे जमण्यासारखं आहे (आधी चार्ज २५ टक्क्यांच्या खाली आणायचा, म्हणजे चुकून काही लागलंच तरी आत ऊर्जा कमी असते), पण फुगलेल्या सेलजवळ उष्णता न्यायची आणि वर अवजार खुपसायचं हे दोन्ही नको तेच झालं. तुमची काच तर आधीच उचललेली आहे म्हणजे सेल अगदी तिला टेकलेला असणार.
शिवाय काचेच्या एका कडेला आतून डिस्प्लेच्या चपट्या केबल चिकटलेल्या असतात, पट्टी जरा खोल गेली की केबल कापली जाते आणि मग बॅटरीच्या कामात डिस्प्लेचा खर्च. बऱ्याच टॅबलेटमध्ये टचची काच आणि डिस्प्ले एकच असतात, वेगळे होत नाहीत. आणि बोटाचा ठसा घेणारं बटण असेल तर काही मॉडेलमध्ये ते मूळ बोर्डाशी जोडलेलं असतं, ते तुटलं आणि दुसरं लावलं तर बटण म्हणून चालतं पण ठसा ओळखत नाही. आयपॅडचं होम बटण हे याचं सगळ्यात माहितीतलं उदाहरण.
तेव्हा हा टॅबलेट दुरुस्तीवाल्याकडे द्या आणि देताना बॅटरी फुगली आहे हे आधी सांगा, नुसतं डिस्प्ले उचललाय एवढं सांगून देऊ नका, त्याच्याही हाताचा प्रश्न आहे. जुनी बॅटरी कचऱ्याच्या डब्यात जाणार नाही याची खात्री करा, ती ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडेच जायला हवी, टोकांवर चिकटपट्टी लावून. कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली की तिथे आग लागते.

चौकस
पटलं. टॅबलेट देतो कुणाकडे तरी. आता लॅपटॉपचं सांगा, बॅटरी मागवू का?

सोल्डरवाला
नका मागवू अजून. आधी बिघाड शोधायचा, मग पार्ट घ्यायचा. लोक उलटं करतात, संशय आला की पार्ट मागवतात, आणि तीन पार्ट बदलून झाल्यावर कळतं की चौथाच खराब होता.
तुमच्या वर्णनातच बरंच आलंय. चार्जर लावलेला असतानाही बंद पडतो का? पडत असेल तर बॅटरीवरचा संशय निम्मा तिथेच संपला. जड कामालाच पडतो आणि थंड झाला की चालू होतो, हे उष्णतेचं लक्षण आहे. प्रोसेसर साधारण १०० अंश सेल्सियसच्या आसपास गेला की आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि तरी तापत राहिला तर जळू नये म्हणून थेट वीज तोडतो, त्यामुळेच मेसेज येत नाही, निळी स्क्रीन येत नाही.
काहीही न उघडता एवढं करून बघा. विंडोज असेल तर कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी, एक स्पेस, मग स्लॅश आणि त्याला चिकटून बॅटरीरिपोर्ट असं इंग्रजीत टाका, एक फाइल तयार होते. त्यात डिझाइन कपॅसिटी (नवी असतानाची क्षमता) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आताची क्षमता) असे दोन आकडे असतात, दुसरा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर बॅटरी थकली. मग तापमान दाखवणारं एखादं साधं सॉफ्टवेअर टाकून व्हिडिओ कॉल लावा आणि आकडा कुठे जातो ते बघा. त्याच वेळी जाळीजवळ हात धरा, गरम हवा जोरात बाहेर येतेय का, पंख्याचा आवाज येतोय का.
इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, कर्नल पॉवर ४१ अशी नोंद दिसेल, तिच्यावरून घाबरू नका. तिचा अर्थ एवढाच की मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं, का पडलं ते ती सांगत नाही. ही नोंद बघून कित्येकांनी पॉवरचे पार्ट बदललेत.

शांतनिळा
यात भर. सॉफ्टवेअरचा दोष की हार्डवेअरचा हे कळत नसेल तर पेनड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स (इन्स्टॉल न करता चालणारी, विंडोजऐवजीची दुसरी सिस्टिम) चालवून तेच जड काम करून बघा, तिथेही बंद पडला तर विंडोजला दोष देऊन उपयोग नाही. रॅमचा संशय असेल तर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर लावून ठेवा, एकही एरर आली तरी ती खरी समजायची, आणि दोन कांड्या असतील तर एकेक काढून वेगवेगळी तपासायची. डिस्क स्वतःच्या तब्येतीची स्मार्ट नावाची नोंद ठेवते, तिच्या आकड्यांवरून आरोग्य कळतं, त्यात रिअलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टर (खराब झालेल्या किंवा संशयित जागा) वाढत असतील तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी बॅकअप घ्या. खरं तर उघडण्याआधी बॅकअप घ्याच, डिस्क चांगली असली तरी.
आणि एक गोष्ट फार जण विसरतात. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क बऱ्याचदा बिटलॉकर या विंडोजच्याच सोयीने कुलूपबंद असते, मालकाला पत्ताही नसतो. बोर्ड बदलला किंवा बायॉसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) काही फेरफार झाला की ती रिकव्हरी की मागते, ४८ आकडी. ती आधीच शोधून कागदावर लिहून ठेवा, नाहीतर मशीन धड आणि डेटा गायब.

रानवारा
रॅमबद्दल थोडं, कारण ते वाढवताना मी बरंच वाचलं होतं. आधी बघा तुमच्यात रॅम काढता येते का, पातळ लॅपटॉपमध्ये बोर्डालाच सोल्डर केलेली असते. येत असेल तर पिढी जुळायलाच हवी, डीडीआर४ च्या जागी डीडीआर५ बसत नाही, मधली खाच वेगळ्या जागी असते, तेव्हा बसत नसेल तर जोर लावायचा नाही. तिरकी घालून मग खाली दाबायची, दोन्ही बाजूंच्या क्लिप टक् करून बसल्या पाहिजेत, सोनेरी टोकांना बोट लावायचं नाही. डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन काही मिनिटं काळीच राहू शकते, मशीन रॅमशी जुळवून घेत असतं, घाबरून मध्येच बंद करू नका.

चौकस
सगळं करून बघितलं. चार्जर लावलेला असतानाही बंद पडतो. बॅटरी रिपोर्टमध्ये डिझाइन ५०,००० च्या आसपास आणि फुल चार्ज ४२,००० च्या वर, म्हणजे बरी आहे. तापमान व्हिडिओ कॉलला चढत चढत ९८ ला गेलं आणि बंद. जाळीतून हवा जवळपास येतच नाही. म्हणजे पंखा ना? उघडून साफ करू का? काय काळजी घ्यायची ते सविस्तर सांगा, मी पहिल्यांदाच उघडणार आहे.

सोल्डरवाला
हो, आणि हे काम पहिल्यांदा करायला चांगलं आहे.
शटडाउन करा, चार्जर काढा, टेबल रिकामं आणि उजेड भरपूर. पायाखाली गालिचा नको, अंगात लोकरीचं नको. स्थिर वीज आपल्या बोटाला जाणवायला साधारण ३,००० व्होल्ट लागतात आणि चिप त्याच्या कितीतरी खाली खराब होऊ शकते, म्हणजे झटका बसला नाही म्हणून काही झालं नाही असं नसतं. मनगटाला लावायचा अँटीस्टॅटिक पट्टा मिळतो तो घ्या, नसेल तर मधूनमधून एखाद्या मोठ्या रंग न दिलेल्या धातूला हात लावत राहा.
स्क्रू काढताना एका कागदावर लॅपटॉपचा खालचा भाग ढोबळ काढा आणि प्रत्येक स्क्रू ज्या जागचा त्याच जागी कागदावर चिकटपट्टीने लावा. लांबीला फरक असतो, लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर टोक बोर्डात किंवा वरच्या प्लॅस्टिकमध्ये घुसतं. ड्रायव्हर बरोबर मापाचा घ्या, बहुतेक ठिकाणी पीएच०० किंवा पीएच० (बारीक फुलीचा) लागतो, काहींना टॉर्क्स (सहा टोकांच्या चांदणीचा). घसरतोय असं वाटलं की थांबा, डोकं घासलं गेलं की तो स्क्रू निघता निघत नाही. काही स्क्रू रबरी पायांखाली लपलेले असतात. झाकण उघडत नसेल तर स्क्रू राहिलाय समजा, ओढू नका.
झाकण निघालं की सगळ्यात पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढणं. काहीही करायचं असलं तरी हे आधी. काही कनेक्टर बोर्डाला समांतर सरकतात, काही सरळ वर उचलतात, नीट बघून मगच हात घाला, वायर धरून ओढू नका. मग पॉवर बटण दहापंधरा सेकंद दाबून धरा.
आता पंखा. आतून बघितलं तर पंखा आणि तांब्याच्या पातळ पट्ट्यांची जाळी यांच्यामध्ये धुळीचा नमदा झालेला असतो, बाहेरून जाळीवर हवा मारली तर तो नुसता दबतो, निघत नाही. पंख्याचे दोनतीन स्क्रू काढून तो बाजूला घ्या आणि नमदा चिमट्याने अख्खा उचला. ब्लोअर मारणार असाल तर पातं बोटाने धरून ठेवा, मोकळं फिरू दिलं तर भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जातं. व्हॅक्यूम क्लीनर बोर्डाजवळ नको, त्याच्या नळीच्या टोकाला स्थिर वीज जमते.
हीटसिंक, म्हणजे चिपची उष्णता त्या जाळीपर्यंत नेणारा धातूचा भाग, काढायचाच असेल (वर्षानुवर्षं काढला नसेल तर चिप आणि त्याच्यामधली उष्णता वाहणारी पेस्ट सुकलेली असणार) तर त्याच्या स्क्रूंजवळ १, २, ३, ४ असे आकडे छापलेले असतात, बसवताना त्याच क्रमाने थोडे थोडे आवळा आणि काढताना उलट क्रमाने. जुनी पेस्ट ९० टक्क्यांच्या वरच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. लॅपटॉपची चिप उघडी असते त्यामुळे नवीन पेस्टचा पातळ थर पूर्ण चौकोनावर यायला हवा, कोपरे कोरडे राहिले तर तिथेच तापतं. जिथे मऊ पॅड आहेत तिथे पॅडच ठेवा, पेस्टने ती जाडी भरून निघत नाही. आणि पेस्टऐवजी लिक्विड मेटल नावाचं काही कुणी सुचवलं तर पहिल्या वेळी नको, त्यातलं गॅलियम अॅल्युमिनियमला खातं आणि ओघळलं तर बोर्ड शॉर्ट.

शांतनिळा
+१, आणि पंखा काढताना त्याच्यावरून जाणाऱ्या चपट्या केबल दिसल्या तर त्यांच्या कनेक्टरवर बहुतेक वेळा बारीक काळी किंवा पांढरी फळी असते, ती नखाने वर उचलायची मग केबल आपोआप सुटते. फळी न उचलता ओढली तर कनेक्टर बोर्डावरून उखडतो आणि तो परत लावायला मायक्रोस्कोपखालचं सोल्डरिंग लागतं.

चौकस
उघडलं. नमदा खरंच होता, सलग निघाला चिमट्याने, एवढी धूळ आत बसेल असं वाटलं नव्हतं. पेस्टही खडखडीत सुकलेली, नवीन लावली. पण बॅटरी जोडून चालू केल्यावर पंखा जरासा हलतो आणि थांबतो. हाताने फिरवला तर एका जागी अडकल्यासारखा जड लागतो. कनेक्टर परत काढून घट्ट बसवून बघितला, तेच.

सोल्डरवाला
बेअरिंग गेलंय, धुळीशी झुंजून झुंजून. तेल घालून काही दिवस चालेल पण परत अडकेल, बदलाच. आता मात्र पार्ट मागवायला हरकत नाही कारण काय खराब आहे ते नक्की झालंय.
लॅपटॉपच्या मॉडेलच्या नावावरून मागवू नका, एकाच मॉडेलमध्ये ग्राफिक्स कार्ड असलेल्या आणि नसलेल्या मशीनला वेगळे पंखे असतात, दोन पंखे असतील तर डावा उजवा वेगळा. पंख्याच्या पाठीवर लेबल असतं, त्यावरचा पार्ट नंबर जसाच्या तसा घ्या, शेजारी व्होल्टेज लिहिलेलं असतं (बहुतेक ५ व्होल्ट, पण वाचूनच घ्या), आणि कनेक्टरला तारा तीन की चार ते मोजा. लेबलचा आणि कनेक्टरचा फोटो काढून ठेवा, मागवताना विक्रेत्याला दाखवता येतो. तो येईपर्यंत लॅपटॉपवर जड काम काढू नका.

चौकस
लेबलचा फोटो काढला, ५ व्होल्ट, चार तारा. नंबर टाकून शोधतो. रॅमचं पंखा बसवून तापमान बघितल्यावरच, दोन्ही एकदम बदलत नाही.