अमेरिकेत दुकानासाठी मसाला-चटणी पाठवायचीय, हे एफएसव्हीपी काय प्रकरण आहे?

कोल्हापुरी_डंक
नमस्कार मंडळी. आमचं गोकुळ शिरगावला छोटं युनिट आहे, कांदा-लसूण मसाला, शेंगदाणा चटणी, तिळाची चटणी आणि मेतकूट. एफएसएसएआयचं लायसन आहे, एक्स्पोर्टचा आयईसी कोडपण काढलाय. माझ्या आतेभावाचं अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसनला ग्रोसरीचं दुकान आहे, तो म्हणतो दर तीन-चार महिन्यांनी थोडाथोडा माल पाठव, इकडं गिऱ्हाईक आहे. आता एक कन्सल्टंट भेटला, तो म्हणे एफडीए (अमेरिकेचं अन्न-औषध खातं) सर्टिफिकेट काढावं लागेल, त्याचे पंचेचाळीस हजार, वर यूएस एजंटची वर्षाची फी वेगळी, आणि एफएसव्हीपी नावाच्या कागदावर आतेभावाची सही पाहिजे. आतेभाऊ म्हणतो पाठव कागद, करतो सही, पण मला वाटतंय आधी समजून घ्यावं सही कशावर चाललीय. कुणी केलंय का हे?

जर्सीचा_दादा
सही करायच्या आधी विचारलंस हे झकास केलंस. मी इथे छोट्या प्रमाणात आयात करतो म्हणून सांगतो, जरा लांबेल.

पहिलं म्हणजे एफडीए सर्टिफिकेट नावाची वस्तूच नाही. तुमच्या युनिटची एफडीएकडे नोंदणी करावी लागते, ती ऑनलाइन होते आणि सरकारी फी शून्य. नोंदणी झाली की नंबर मिळतो, बास. एफडीए या नोंदणीचं कसलंही प्रमाणपत्र देत नाही, सोनेरी किनारीचा जो कागद मिळतो तो कन्सल्टंटच्या प्रिंटरमधून आलेला असतो. डन्स नंबर (धंद्याची ओळख पटवणारा क्रमांक) लागतो, तोही फुकट मिळतो. आणि दर सम वर्षी 1 ऑक्टोबर ते 31 डिसेंबरमध्ये नोंदणी रिन्यू केली नाही तर ती आपोआप बाद होते, हे मात्र भिंतीवर लिहून ठेव कारण लोक इथेच अडकतात.

आता एफएसव्हीपी, म्हणजे फॉरेन सप्लायर व्हेरिफिकेशन प्रोग्रॅम, परदेशी पुरवठादाराची पडताळणी. 4 जानेवारी 2011 ला ओबामांनी फूड सेफ्टी मॉडर्नायझेशन कायद्यावर सही केली, त्यातला हा भाग. त्याआधी सगळी भिस्त बंदरावरच्या तपासणीवर होती आणि तिथे प्रत्यक्ष उघडून बघितला जाणारा माल जेमतेम टक्का-दोन टक्के. म्हणून नवीन कायद्यात त्यांनी जबाबदारीच उचलून अमेरिकेतल्या आयातदाराच्या गळ्यात टाकली. म्हणजे परदेशातला माल बनवणारा नीट बनवतोय का हे सरकारने नाही, आयातदाराने तपासायचं, त्याचे कागद ठेवायचे आणि एफडीएने मागितले की दाखवायचे. नियम 2015 च्या नोव्हेंबरात फायनल झाला आणि 30 मे 2017 पासून टप्प्याटप्प्याने लागू झाला. आता कस्टमची एंट्री भरतानाच प्रत्येक मालासाठी एफएसव्हीपी आयातदाराचं नाव, ईमेल आणि डन्स नंबर द्यावा लागतो. तर तुझा आतेभाऊ ज्यावर सही करणार आहे ते हे आहे, उद्या चटणीत काही निघालं तर एफडीए तुला कोल्हापुरात शोधत बसणार नाही, त्याच्या दुकानात येईल.

यूएस एजंट हा प्रकार पूर्ण वेगळा, तो फक्त तुमच्या नोंदणीपुरता एफडीएचा निरोप्या. अमेरिकेत राहणारा कुणीही होऊ शकतो, आतेभाऊसुद्धा. कन्सल्टंट लोक दोन्हीची खिचडी करून एकाच बिलात लावतात.

कोल्हापुरी_डंक
बाप रे. म्हणजे आतेभावाला इकडं येऊन आमचं युनिट तपासायला लागणार की काय? तो दुकानातनं हलत नाही, सख्ख्या बहिणीच्या लग्नालाही आला नव्हता 😀

जर्सीचा_दादा
नाही लागणार, छोट्यांना सवलत आहे. त्याची खाण्याच्या मालाची उलाढाल तीन वर्षांच्या सरासरीने वर्षाला 10 लाख डॉलरच्या खाली असेल (महागाईप्रमाणे आकडा थोडा वर सरकवतात) तर तो 'अतिशय लहान आयातदार' धरला जातो. मग हॅझार्ड ॲनालिसिस (मालात काय धोके आहेत याचा अभ्यास), ऑडिट वगैरे त्याच्या डोक्यावर नाही. त्याने पहिला माल आणायच्या आधी तुझ्याकडून लेखी हमी घ्यायची की आम्ही अमेरिकेच्या नियमांइतक्याच सुरक्षित पद्धतीने माल बनवतो, आणि ती हमी निदान दर दोन वर्षांनी नवी करायची. शिवाय आपण लहान आहोत याचा हिशेब दरवर्षी कागदावर. पण उलाढाल म्हणजे फक्त तुझा मसाला नाही हां, त्याच्या सगळ्या खाद्यमालाची विक्री मोजतात, दुकान जोरात चालत असेल तर आधी त्याच्या अकाउंटंटला विचार. कागद इंग्रजीत देता आले पाहिजेत आणि दोन वर्षं सांभाळायचे.

साधाभोळा_पुणेकर
एवढा बाऊ कशाला. आमची आई गेली कित्येक वर्षं भावाला बोस्टनला कुरिअरने मेतकूट पाठवते, कुणी एक शब्द विचारला नाही. आपले लोक उगाच घाबरतात.

जर्सीचा_दादा
@साधाभोळा_पुणेकर आईने घरी बनवून मुलाला भेट म्हणून पाठवलेल्या डब्याला एफडीएला आधी कळवायची गरजच नाही, तशी सूटच आहे नियमात. विकायचा माल म्हटला की वेगळं. तो पोचायच्या आधी प्रायर नोटीस द्यावीच लागते, विमानाने असेल तर पोचायच्या किमान 4 तास आधी, जहाजाने 8 तास. घरचा डबा म्हणून पाठवायचं आणि दुकानात लेबल लावून ठेवायचं हा उद्योग काही जण करतात, पकडले गेले की माल जप्त होतो आणि मग पुढची पार्सलंही उघडली जाऊ शकतात.

प्रयोगशाळेतली_ताई
मी फूड टेक्नॉलॉजीत आहे, मसाल्यांचंच काम. कागदाचं दादांनी छान सांगितलं पण मुळात माल अडकतो तो मालामुळे, त्यावर कुणी बोलतच नाही म्हणून लिहिते.

मसाल्यात त्यांचा सगळ्यात मोठा शत्रू साल्मोनेला, पोट बिघडवणारा जीवाणू. 2007 ते 2009 मध्ये एफडीएने आयात मसाल्यांचे नमुने तपासले तर सुमारे 7 टक्क्यांत तो सापडला, बाकीच्या आयात मालाच्या जवळपास दुप्पट. आता तुमचा कांदा-लसूण मसाला डोळ्यासमोर आणा. खोबरं भाजता, खडा मसाला तेलात तळता, कांदा-लसूण परतता, इथपर्यंत ठीक. पण मिरची कुठे वाळली? गच्चीवर किंवा खळ्यावर, कबुतरं आणि पाली फिरतात तिथे. ती डंकावर कांडली आणि भाजलेल्या मसाल्यात तशीच मिसळली की आधीचा सगळा भाजण्याचा फायदा गेला. तेव्हा मिरची वाफेने निर्जंतुक केलेली घ्या किंवा विकिरण (किरणांनी जंतू मारणं) करून घ्या. नवी मुंबईत वाशीला ब्रिट या सरकारी संस्थेचा प्लांट 2000 सालापासून मसाल्यांचं विकिरण करतो. अमेरिकेत मसाल्याला विकिरण चालतं, फक्त विकिरण केलेला मसाला तसाच विकत असाल तर लेबलवर ते छापावं लागतं.

इथिलीन ऑक्साईड या मसाल्यातले जंतू मारायच्या वायूबद्दल 2024 मध्ये हाँगकाँग-सिंगापूरच्या बातम्या आल्या तेव्हापासून लोकांना वाटतं ते जगभर बंद आहे. तसं नाहीये, अमेरिकेत मसाल्यावर ते वापरायला परवानगी आहे आणि अवशेषाची मर्यादा 7 पीपीएम (दहा लाख भागांत 7), युरोपात मात्र बंदी आणि मसाल्याला मर्यादा 0.1 पीपीएम. म्हणजे न्यू जर्सीला चालणारा माल जर्मनीत अडकेल. उद्या मामेभाऊ फ्रँकफर्टचा निघाला तर तोच लॉट त्याला पाठवू नका.

शेंगदाण्यात अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष) बघायचं, अमेरिकेत मर्यादा 20 पीपीबी (अब्ज भागांत 20). काळे, सुरकुतलेले दाणे निवडून काढले तरी बराच फरक पडतो पण प्रत्येक लॉटचा टेस्ट रिपोर्ट हवाच. हळद विकत घेत असाल तर शिशाची टेस्ट.

आणि लेबल!! यात आपले लोक सगळ्यात जास्त मार खातात. तीळ 1 जानेवारी 2023 पासून अमेरिकेत मुख्य ॲलर्जनच्या (ॲलर्जी करणाऱ्या पदार्थांच्या) यादीत आलाय, नववा. तिळाच्या चटणीवर तर लिहालच, पण कांदा-लसूण मसाल्यातही तीळ असतात ना? शेंगदाणा आहेच. मेतकुटात गहू असतो, आणि हिंग! बाजारातल्या बांधानी हिंगात बहुतेक वेळा मैदा असतो, म्हणजे पुन्हा गहू. घटकांत नुसतं 'हिंग' लिहिलं आणि गहू लिहायचा राहिला तर ॲलर्जन लपवलं असं धरतात आणि बाजारात गेलेला माल परत बोलवावा लागतो. खोबऱ्याची मात्र सुटका झालीय, 2025 च्या जानेवारीत एफडीएने नारळ ट्री नटच्या (बदाम-अक्रोडासारख्या) ॲलर्जन यादीतून काढला.

कोल्हापुरी_डंक
ताई हिंगाचं तर डोक्यातच नव्हतं. आमच्या हिंगाच्या डबीवर मागं बारीक अक्षरात मैदा लिहिलाय, आत्ता बघितलं. मिरची आम्ही घाऊक बाजारातनं घेतो, वाफेवरची कुठं मिळते बघतो. लोणचंपण पाठवायचा विचार होता.

प्रयोगशाळेतली_ताई
लोणचं सध्या राहू द्या. त्याचा पीएच (आंबटपणा) आणि वॉटर ॲक्टिव्हिटी (जंतूंना मिळणारं पाणी) किती येते त्यावर ते ॲसिडिफाइड फूडमध्ये (आंबट घालून टिकवलेल्या पदार्थांत) बसतं की नाही ठरतं, बसलं तर प्रत्येक प्रकारच्या लोणच्याची प्रक्रिया वेगळी एफडीएकडे फाइल करावी लागते. आधी चार कोरड्या वस्तू नीट जाऊ देत.

रत्नागिरी_एक्स्पोर्ट
मसाल्यासाठी स्पाइसेस बोर्डाचं सीआरईएस (मसाला निर्यातदार म्हणून नोंद) रजिस्ट्रेशन काढलंय का? एफडीएच्या नादात इकडचंच राहतं आणि माल मुंबईतून हलत नाही. तुमचं एफएसएसएआय लायसन राज्याचं असेल तर तेही चालणार नाही, एक्स्पोर्टला सेंट्रल लागतं.

कोल्हापुरी_डंक
सीआरईएस नाही काढलं, लायसन राज्याचंच आहे. म्हणजे अमेरिका लांबच, अजून कोल्हापूरच संपलं नाही. आतेभावाला हा अख्खा धागा पाठवलाय, त्याचा रिप्लाय आला, 'अकाउंटंटला विचारतो, तोपर्यंत घरच्यासाठी दोन किलो पाठव.'

जर्सीचा_दादा
घरच्यासाठी दोन किलो म्हणजे घरच्यासाठीच, काउंटरवर दिसली नाही पाहिजे 😀 आणि त्या कन्सल्टंटला अजून पैसे दिले नसतील तर देऊ नकोस, रजिस्ट्रेशनचा फॉर्म भरताना कुठे अडलास तर इथेच विचार.