मदत हवी आहे: मेसेनकाइम आणि व्हार्टन्स जेली स्लाइडवर वेगळी कशी ओळखायची?

एमबीबीएस पहिलं वर्ष, हिस्टॉलॉजीच्या (ऊतींचा सूक्ष्मदर्शकाखालचा अभ्यास) स्पॉटिंगची, म्हणजे स्लाइड बघून ऊती ओळखायच्या परीक्षेची, तयारी चालू आहे. माझ्यासमोर दोन स्लाइड आहेत: कोंबडीच्या 72 तासांच्या भ्रूणाचा आडवा छेद (यात मेसेनकाइम, म्हणजे भ्रूणातली सैल संयोजी ऊती) आणि पूर्ण दिवसांच्या बाळाची नाळ (यात व्हार्टन्स जेली, म्हणजे नाळेतली जेलीसारखी संयोजी ऊती). दोन्ही एच अँड ई (हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन, नेहमीचे रंग) रंगवलेल्या.

पूर्ण छेद दिसला तर अडचण नाही. न्यूरल ट्यूब (जिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू बनतात ती नळी) दिसली की भ्रूण, दोन धमन्या नि एक शीर दिसली की नाळ. पण परीक्षेत पॉइंटर नुसत्या ऊतीवर असतो आणि स्लाइड हलवता येत नाही. 40एक्सखाली मला दोन्हीकडे तेच दिसतं: ताऱ्यासारख्या पेशी, त्यांचे लांब फाटे, मधे फिकट मोकळी जागा.

मेसेनकाइममध्ये पेशी दाट आणि तंतू नगण्य, तर जेलीत पेशी विरळ, हायलुरोनिक आम्ल भरपूर आणि कोलॅजनचे बारीक तंतू, हे वाचलं आहे. तंतू शोधून पाहिले. पण पेशीचा फाटा कुठला आणि तंतू कुठला, दोन्ही गुलाबीच, इथेच गाडी अडते. अल्शियन ब्लू वगैरे खास रंग सुचवू नका, परीक्षेत एच अँड ईच असते.

शिकवणाऱ्यांनी किंवा पॅथॉलॉजीवाल्यांनी सांगावं: एवढ्या एकाच फील्डवरून ठरवायचं तर तुम्ही सर्वात आधी काय बघता, केंद्रकाचा आकार, पेशींमधलं अंतर की तंतूंची लहरी ठेवण?